निळा बोल्ट

नरसिंग सोनकांबळेनं बसवलेला हापसा कुणालाही ओळखता यायचा. हापशाचं डोकं बसवून चारी बोल्ट आवळले की तो खिशातून ऑइलपेंटची इवलीशी डबी काढायचा आणि चारातल्या एका बोल्टाला निळा रंग द्यायचा. एकालाच. साहेबानं एकदा विचारलं, हे काय थेर? तर म्हणाला, "आमच्या मायनं सांगितलंय साहेब. काम केलं की निशानी ठेवावी. बिघडलं तर शिव्या कुनाला द्यायच्या, ते मानसाला कळाया पायजे."

लातूरचा वेगळा जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. भाड्याच्या घरांतून कचेऱ्या थाटल्या होत्या, आणि नव्या कचेऱ्यांना नवी माणसं लागत होती. नांदेडला आयटीआय करून बसलेल्या नरसिंगला तशीच पाण्याच्या खात्यात फिटरची नोकरी लागली. त्याच खात्यात त्याच्याच गावचा, शिरूर अनंतपाळकडचा, आप्पासाहेब बिरादार कारकून होता. आणि निलंग्याकडचा गुरुबसप्पा भूजलवाल्यांच्या हाताखाली जमिनीत पाणी शोधायचं मशीन धरून उभा राहायचा. तिघांची दोस्ती जमली. एका बशीत चहा, एका खोलीवर मुक्काम. ही दोस्ती फक्त लातुरातली, हे सांगायला पाहिजे. गावच्या फाट्यावर एसटीतून उतरलं की आप्पासाहेब पुढं आणि नरसिंग दहा पावलं मागं, असं आपोआप व्हायचं. गावात आप्पासाहेबाच्या घरी नरसिंगला पाणी मिळायचं, नाही असं नाही. पण ते वरून ओंजळीत. नरसिंग म्हणायचा, म्हाताऱ्यांचं चालायचंच, आपला आप्पा तसा नाही. माणूस स्वतःची समजूत घालायला लागला की भल्याभल्या वकिलाला हार जात नाही.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं. मे महिन्यात बोअर मारायची गाडी मोडून पडली, तिचा सुटा भाग मुंबईहून यायला पंधरा दिवस लागणार होते. गुरुबसप्पानं पेपरात हिमालयात पायी फिरण्याच्या शिबिराची जाहिरात वाचली होती. रजेचे तीन अर्ज आप्पासाहेबानंच लिहिले, मंजुरीलाही त्यानंच नेले, आणि ज्यांनी बालाघाटाच्या डोंगरापलीकडं उंच काही पाहिलं नव्हतं असे हे तिघं कुलूच्याही पुढं जाऊन पोचले.

खिंड ओलांडायचा दिवस सगळ्यात कठीण, असं शिबिरवाल्यांनी आधीच सांगितलं होतं. पहाटे चहा पिऊन मंडळी निघाली. पुण्यामुंबईची पंचवीसेक पोरं पुढं पळाली, वाटाड्या त्यांच्याबरोबर. आपले तिघं मागं. नरसिंगच्या पाठीवरची पिशवी सगळ्यांत फुगलेली. तिच्यात त्याचं स्वतःचं सामान होतंच. शिवाय आप्पासाहेबाचं ब्लँकेट, त्याचा स्टोव्ह, त्याचा शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणि त्याचे जादा बूट. "तुझं खांदं लोखंडावर तयार झाल्यालं हाईत नरश्या," असं म्हणून त्यानं पहिल्याच दिवशी एकेक वस्तू सरकवली होती. सगळ्यावर कडी म्हणजे नरसिंगच्या हातातला पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन. पाण्यानं काठोकाठ भरलेला.

वाटेत पावलापावलाला झरे. पांढरंशुभ्र पाणी दगडावरून उड्या मारत चाललेलं, कुणाला नको असल्यासारखं. आणि हा गडी कॅन वागवतोय.

"आरं येड्या, पान्यात बसून पानी वागवतूस व्हय?" आप्पासाहेब रोज हसायचा.

"फुडं असंल का न्हाई, कुनी पाह्यलंय?" नरसिंगचं रोजचं उत्तर. ज्या माणसाच्या आईनं घागरभर पाण्यासाठी रात्ररात्र विहिरीच्या तळाशी वाटी धरली, त्याला वाहत्या पाण्यावर विश्वास बसत नाही. सकाळी तोंड धुताना तो झऱ्यातसुद्धा एकाच तांब्यात भागवायचा आणि त्याचं त्यालाच हसू यायचं.

नऊच्या सुमाराला झाडी संपली. चढ असा की गुडघा छातीला लागावा. चार पावलं टाकायची, थांबायचं, भात्यासारखं फुसफुसायचं, पुन्हा चार पावलं. खांद्यावर पट्ट्यांनी वळ उठले. कॅनव्हासच्या बुटांत बर्फाचं पाणी शिरलं, बोटं आहेत की गेली ते कळेना. तरी नरसिंग खुशीत होता. एका खडकाच्या आडोशाला तो नि गुरुबसप्पा टेकले. आप्पासाहेब हात हलवत वर चालला होता. त्याच्या पाठीला ओझं नव्हतंच, त्याला काय!

नीलम्मानं, म्हणजे गुरुबसप्पाच्या बायकोनं, शेंगाच्या पोळ्या दिल्या होत्या. त्यातली एक मोडता मोडता गुरुबसप्पा समोरच्या झऱ्याकडं बघत बोलला, "कितीबी पानी दिसू दे हितं. तुझ्या मायच्या दारात मशीननं जो पॉइंट दाखवला व्हता ना, तसा पॉइंट म्या सबंध जिल्ह्यात बघितला न्हाई. साठ फुटावरच काटा नाचालता."



त्याच्या आईच्या, केवळाबाईच्या दारात चुन्याची फुली मारली होती, हे खरं. गावाच्या बौद्ध वस्तीला बोअर मंजूर झाला होता, आणि भूजलवाल्यांनी फुली मारली ती नेमकी तिच्या उंबऱ्यासमोर. म्हातारीनं फुलीभोवती दगड रचले, शेरडं पुसतील म्हणून. आठ दिवस ती त्या फुलीच्या कडेकडेनं अंगण झाडत होती. नवव्या दिवशी बोअरची गाडी गावात आली आणि वस्तीकडं न वळता सरळ आप्पासाहेबाच्या मळ्यात गेली. आप्पासाहेबानंच नरसिंगला सांगितलं होतं, अगदी खांद्यावर हात ठेवून: "पॉइंट फेल निघाला नरश्या. खाली नुस्ता काळा पाषान हाय. मळ्यातला पॉइंट येगळा, त्यो दुसऱ्या यादीतला." दोस्ताचा शब्द. नरसिंगनं तो तसाच नेऊन आईच्या ओटीत टाकला, "माय, आपल्या दारात पानीच न्हाई."  म्हातारीनं दगड उचलून चुलीमागं ठेवले.

आणि मळ्यातल्या त्या बोअरवर हापसा कुणी बसवला? यानंच. पाइप यानं उतरवले, डोकं यानं चढवलं, बोल्ट यानं आवळले. एकाला निळा रंगसुद्धा दिला.

"पॉइंट फेल निघाला व्हता," तो कसाबसा म्हणाला.

"कोन म्हनलं?" गुरुबसप्पानं भाबडेपणानं विचारलं. मग नरसिंगचं तोंड पाहिलं आणि हातातली पोळी खाली ठेवली. "अय्यो. तुला ठाव न्हवतं? आप्पा म्हनला, नरश्याला समदं सांगितलंय. त्येची हरकत न्हाई, म्हनला. यादीत नाव वस्तीचंच ठिवलं, जागा तेवढी बदलली."

नरसिंग उठला. राग चढला की माणसाचे पाय कापतात म्हणतात. याचे पाय लोखंडाचे झाले. सकाळपासून चार पावलांवर थांबणारा गडी आता थांबेचना. छाती फुटायला आली, कानांत घण पडू लागले, तरी चालतोच आहे. मनातल्या मनात तो आप्पासाहेबाला शिव्या घालत होता, पण प्रत्येक शिवी फिरून त्याच्याच अंगावर येत होती. तीस वर्षांचा घोडा झालास. फिटर म्हणवतोस. ज्या जमिनीवर आपली आई राहते तिच्याखाली पाणी आहे की दगड, हे दुसऱ्याला विचारलंस? आणि त्याचा स्टोव्ह पाठीवर घेऊन हिमालय चढतोयस!

बर्फाच्या उतारावर त्यानं आप्पासाहेबाला गाठलं.

"आप्पा, माझ्या मायच्या दारात पानी व्हतं का न्हवतं?"

आप्पासाहेब काठीवर रेलला. एक नजर त्यानं खाली, धापा टाकत येणाऱ्या गुरुबसप्पाकडं टाकली आणि ओळखलं. "हितं? आत्ता? खाली गेल्यावर बोलू की निवांत."

"व्हतं का न्हवतं?"

"बग नरश्या, आमच्या म्हाताऱ्यानं हेका धरला. मळ्यातली गुरं तहानंनं मरालती. आन वस्तीत बोअर झाला असता तर गावातल्या बायांनी पान्याला वस्तीत यायचं का? गाव पेटलं असतं. म्या उलट भांडान वाचवलं." मग जरा हसून, लातूरच्या खोलीवर हसायचा तसं हसून, तो म्हणाला, "आन तुला खरं सांगितलं असतं तर तू बसवला असतास का हापसा?"

हे मात्र नरसिंगला सोसलं नाही. त्यानं पाठीवरची पिशवी उतरवली, दोरी सोडली आणि एकेक वस्तू काढून बर्फावर मांडायला लागला. ब्लँकेट. स्टोव्ह. डबा. बूट.

"उचल."

"आरं, येवढं वर आल्यावर..."

"उचल तुझं तू. माझ्या आज्यानं तुझ्या आज्याचं वागवलं, माझ्या बापानं तुझ्या बापाचं. मला वाटलं व्हतं, म्या दोस्ताचं वागवून राहिलो."

एवढं बोलून तो पुढं निघाला. मागं आप्पासाहेब शिव्या देत ब्लँकेटात ओझं बांधत होता. गुरुबसप्पा दोघांच्या मध्ये उभा राहिला होता, कुणाकडंच न बघता.

आता वर झरे नव्हते. पाणी होतं, पण सगळं दगडासारखं गोठलेलं. वारा सुटला, ढग खिंडीत उतरायला लागले. पुढची पोरं कधीच पलीकडं गेली होती. नरसिंग खिंडीच्या तोंडाशी पोचला तेव्हा दीड वाजला असावा. दगडांच्या राशीवर चिंध्यांच्या पताका फडफडत होत्या. समोर पांढरी शिखरं एकामागं एक उभी. शिबिरवाले म्हणाले होते, तिथं उभं राहिलं की माणूस सगळं विसरतो. नरसिंग काही विसरला नाही. एवढं बर्फ पाहून त्याला अजूनच संताप आला.

मागून हाक आली. गुरुबसप्पाची. "नरसिंगाऽ! आप्पा पडला रेऽ!"

शंभरेक पावलं खाली आप्पासाहेब बसकण मारून होता. तोंड पांढरं पडलेलं, ओठ काळेनिळे, दोनदा उलटी झालेली. ओझ्याचं गाठोडं अजून खांद्यावर. गुरुबसप्पानं बर्फ तोंडात कोंबायचा प्रयत्न केला होता, पण आप्पासाहेब हुडहुडत थुंकून टाकत होता.

नरसिंग वरून बघत राहिला. खोटं कशाला बोला, एकवार त्याच्या मनात आलंच, राहू दे पडून. पण केवळाबाईनं त्याला जे थोडंफार शिकवलं होतं त्यात एक हे होतं, की तहानलेल्याला पाणी नाही म्हणायचं नाही, मग तो वैरी का असेना. तिला स्वतःला विहिरीवरून किती वेळा हाकललं होतं, म्हणूनच ती हे इतकं सांगायची. तो चडफडत खाली उतरला आणि कॅनचं झाकण उघडलं. बर्फ लागल्यापासून छातीशी धरून आणल्यामुळं त्या पाण्याचा गारठा तेवढा मोडला होता.

आप्पासाहेबानं दोन्ही हातांनी कॅन धरला आणि तोंड लावून घटाघट प्यायला. ओंजळ नाही, वरून नाही, तोंड लावून.

"मला मरू दिऊ नको नरसिंगा," तो रडायला लागला. पहिल्यांदाच नरश्याचा नरसिंग झाला होता. "खाली गेल्यागेल्या वर लिहून देतो. वस्तीला दुसरा बोअर. तुझ्या मायच्या दारात. भवानी आईची आन."

"गुरुबसप्पा, ऐकलंस?"

"ऐकलं," गुरुबसप्पा म्हणाला.

मग नरसिंगनं त्याला बखोटीला धरून उठवलं. ते ब्लँकेट, तो स्टोव्ह, तो डबा, ते बूट पुन्हा स्वतःच्या पिशवीत भरले, कारण दुसरा इलाज नव्हता. साऱ्या दिवसात त्याला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर याचा. तीन तास तो त्या ओझ्यासकट त्या माणसाला ओढत खिंड ओलांडून उतरला. कधी बर्फावर ढुंगणावर घसरत, कधी मांडीएवढ्या बर्फातून पाय उपटत. तोंडानं अखंड शिव्या चालू होत्या, आणि त्या शिव्यांच्या तालावरच तिघांची पावलं पडत होती.

तळावर चार हजार फूट खाली आलं तसा आप्पासाहेब सुधारला. गरम डाळभात पोटात गेला, गालांवर रंग आला. शेकोटीभोवती पोरं दिवसाच्या गमती सांगत होती. कुणीतरी विचारलं, काका, तुम्ही फार घाबरला होतात म्हणे?

"आवो, वर हवाच न्हवती," आप्पासाहेब हसला. "भरमात व्हतो म्या. काय बडबडलो माझं मलाच ठाव न्हाई."

नरसिंगनं ताट खाली ठेवलं. "तुला ठाव नसंल. गुरुबसप्पाला ठाव हाय."

गुरुबसप्पा भात चिवडत होता.  मग हळूच म्हणाला, "मला कुटं काय ऐकू आलं! वाऱ्यानं कान बधिर झालते." त्याची नोकरी आप्पासाहेबाच्या टेबलावरून जाणाऱ्या कागदांवर होती. हे नरसिंगला कळत होतं. कळलं म्हणून राग कमी होतो असं थोडंच आहे!

तो उठून आप्पासाहेबासमोर उभा राहिला. आवाज चढवला नाही. "तुझ्या मळ्यातल्या हापशात चामड्याचं वायसर हाय. बोअरमधून रेती येती. चार महिन्यांत त्ये जानार. तवा कुनाला बोलावशील, त्येचा इचार आजपासून करून ठिव."

गावी गेल्यावर नरसिंगनं केवळाबाईला सगळं सांगितलं. पॉइंट खरा होता, आप्पासाहेबानं जागा बदलली, मी त्याचा शब्द खरा मानला, सगळं. एक गोष्ट मात्र त्याच्यानं सांगवली नाही. मळ्यातला हापसा कुणी बसवला, ही. म्हातारीनंही विचारलं नाही. तालुक्यात आणखी एक फिटर होता, तिला वाटलं त्यानं बसवला असेल.

वस्तीच्या बोअरसाठी त्यानं दोन अर्ज केले. दोन्ही आप्पासाहेबाच्या टेबलापर्यंत गेले आणि तिथंच मुरले.

पाऊस त्याही वर्षी दगा देऊन गेला. ऑगस्ट संपता संपता मळ्यातला हापसा कोरडं खोकायला लागला. दुसरा फिटर पाय मोडून घरी पडला होता. चिठ्ठी नरसिंगच्या हातात आली. तो पान्यांची पिशवी घेऊन सकाळच्या एसटीनं गावात उतरला, पण मळ्यात एकटा गेला नाही. आधी वस्तीत गेला. तिथून सतरा बायका डोक्यावर रिकाम्या घागरी घेऊन त्याच्यामागं निघाल्या. पुढं केवळाबाई.

आप्पासाहेबानं हापशाला बोराटीच्या काट्यांचं कुंपण घातलं होतं. रजेवर आलेला तो बांधावर उभाच होता. बायका पाहून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे काय आनलंस? तू दुरुस्तीला आलास ना?"

"हापसा सरकारी हाय. कुंपनातल्या हापशाला पाना लावायचा मला हुकूम न्हाई. काटं काढा, मग लावतो."

"नरश्या, वर लिहीन म्या!"

"लिहा की. ह्यो बोअर यादीत कुनाच्या नावानं हाय त्येबी लिहा. न्हाई तर राहू द्या, गुरं तहानू द्या. मला घाई न्हाई." त्यानं पिशवी खाली ठेवली आणि तिच्यावर बसला.

अर्धा तास कुणी हललं नाही. गुरं समोर माना टाकून उभी होती. शेवटी आप्पासाहेबानं गड्याला हाक मारली. गडी वस्तीतलाच, तो खाली मान घालून उभा राहिला. मग आप्पासाहेब बिरादारानं स्वतःच्या हातांनी काटे ओढून बाजूला केले. बोटांतून रक्त आलं, ते त्यानं धोतराला पुसलं.

नरसिंगनं डोकं उतरवलं, साखळी सोडली, पाइप उपसले, नवं वायसर घातलं. दोन तास लागले. डोकं पुन्हा चढवून बोल्ट आवळले आणि दांडा चार वेळा मारला. पाणी आलं. गार, गोड, मनगटाएवढी धार.

"माय, पहिली घागर तुझी," तो म्हणाला. हे वाक्य तो बर्फावरून उतरत असल्यापासून मनात घोकत होता.

केवळाबाई पुढं झाली. तिनं घागर धारेखाली ठेवली, दांड्याला हात घातला, आणि तिची नजर हापशाच्या डोक्याखाली गेली. तिथं चार बोल्ट होते. तीन लोखंडी. एक निळा, ऊनवाऱ्यानं जरा उडालेला, पण निळाच.

तिनं दांडा सोडला.

"ह्यो तू बसीवलास?"

नरसिंगला हिमालय चढता आला, पण हे एवढंसं उत्तर देताना त्याला दम लागला. "हाव, माय."

"माझ्या दारातला हापसा तू हितं आनून बसीवलास. आन वर निशानी केलीस."

"मला ठाव न्हवतं माय. त्यानं सांगितलं..."

"त्यानं सांगितलं!" म्हातारी कडाडली. बांधावरचा आप्पासाहेबसुद्धा दचकला. "त्यो तर सांगंलच. त्याच्या सात पिढ्या सांगत आल्या, आपल्या खाली पाषान हाय म्हनून. तू शिकलास, पान्याच्या खात्यात लागलास. म्या आठ दिस फुली राखली, आन तू येऊन काय म्हनलास? पानीच न्हाई!" तिचा आवाज फुटला. रडू नव्हतं त्यात, नुसता संताप होता. "त्यो रंग काढ आदी. ह्या कामाला त्यो रंग शोभत न्हाई. मग पानी भरते."

नरसिंग खाली बसला. पिशवीतून कानस काढली आणि बोल्ट घासायला लागला. रंग जुना, लोखंडात बसलेला, सहजी निघेना. ऊन चढलं होतं. सतरा बायका घागरी घेऊन गुमान उभ्या होत्या, कुणी म्हणालं नाही की राहू दे. कानशीचा आवाज साऱ्या शिवारात ऐकू जात होता. निळी पूड त्याच्या पायांवर पडत राहिली आणि आतलं लोखंड उघडं पडेपर्यंत तो थांबला नाही.

केवळाबाईनं वाकून बोल्टावरून बोट फिरवलं, ते बोट उन्हात धरून नीट बघितलं, आणि मगच दांडा धरला.